पॉवर स्टेअरिंग कुईं कुईं करतंय? आधी हवा काढून बघा

ही टीप फक्त ऑइलवाल्या पॉवर स्टेअरिंगसाठी, इलेक्ट्रिकमध्ये सहसा ऑइल नसतंच. सात रस्ता चौकात गाडी वळवताना आवाज आला की लोक डायरेक्ट पंप बदलायला निघतात, आधी बॉनेट उघडून पॉवर स्टेअरिंगच्या टाकीतलं ऑइल तरी बघा की. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात ऑइल तापून लेव्हल वर दिसते, म्हणून सकाळी गार गाडीत बघायचं. फेस दिसला तर लाइनमध्ये हवा शिरलीय. मग पुढची चाकं जॅकने उचलून खाली स्टँड, मागच्या चाकांना दगड, इंजिन बंद पण चावी फिरवून स्टेअरिंगचं लॉक सोडलेलं, आणि स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, मधेमधे ऑइल टाकत, बुडबुडे थांबेपर्यंत. नंतर इंजिन चालू करून परत तेच, फक्त टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, पंपावर फुल प्रेशर येतं. ऑइल मॅन्युअलमधलंच, ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील खराब होतात. पंप फिरवणारा बेल्ट ढिला असला तरी गाडी किंचाळते, तोही दाबून बघा. लेव्हल सारखी उतरत असेल तर रॅकचे (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा आडवा दांडा) रबरी बूट, म्हणजे टोकांवरची रबरी कव्हरं, चाचपा, आत ऑइल साचलेलं लागलं तर सील गेलंय, ते काम गॅरेजवाल्याचंच.