देव 'तो' वाटतो, 'तू' वाटत नाही? मग रोजची १५ मिनिटं अशी काढा

गेल्या काही महिन्यांत आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) तीन-चार जणींनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला, की ताई, रविवारी उपासनेला येतो, गाणी म्हणतो, प्रभुभोजन घेतो, पण सोमवारी सकाळी देव कुठल्या कुठे लांब गेल्यासारखा वाटतो, तर नेमकं करायचं काय. हा प्रश्न माझाही बरीच वर्षं होता म्हणून मला जे जे उपयोगी पडलं ते इथे सविस्तर लिहितेय. मी पाळक म्हणजे चर्चची धर्मगुरू नाही, बायबल कॉलेजला गेलेली नाही, नोकरी करते आणि घरात दोन मुलं आहेत, त्यामुळे खाली लिहिलंय ते सगळं डबे भरणं आणि लोकल पकडणं यांच्या मधल्या वेळात बसणारं आहे.

आधी हे सांगते की सुरुवातीला जास्त घेऊ नका. जानेवारी आला की आपण वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा प्लॅन घेतो, रोज तीन-चार अध्याय, उत्पत्ती छान जातं, निर्गम अर्ध्यापर्यंत जातं आणि लेवीय लागलं की एखादा दिवस चुकतो, मग दोन चुकतात, मग मागचं एवढं साचतं की बायबल हातात घ्यायचीच भीती वाटायला लागते. माझं ओळीने तीन वर्षं असंच झालं. प्लॅन वाईट नसतो, पण मी देवाविषयी वाचत होते आणि देवाशी बोलणं मात्र होत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून नवीन माणसाला मी सांगते की पहिले तीन-चार महिने बायबलमधली फक्त स्तोत्रसंहिता घ्या. १५० स्तोत्रं आहेत, ती सगळी संपवायची नाहीत, एका स्तोत्राला दोन-तीन दिवस द्यायचे, आणि ११९ वं सुरुवातीला सोडा कारण त्याची वचनं १७६ आहेत. स्तोत्रंच का, तर ती आधीच प्रार्थना आहेत. त्यात राग आहे, भीती आहे, तक्रार आहे, आनंद आहे, आणि हे सगळं कुणीतरी थेट देवाच्या तोंडावर बोललेलं आहे. वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी आलेले 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस' हे शब्दसुद्धा २२ व्या स्तोत्राची सुरुवातच आहे. अगदी शेवटच्या घटकेला त्यालाही लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्रच आठवलं, हे मला फार जवळचं वाटतं.

जागा आणि वेळ ठरवून टाका, रोज नव्याने ठरवायला लागलं की होत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे बघा, आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलं होतं आणि तरीही येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला. आमच्या घरात एकांत म्हणजे गॅलरीत वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवलेली एक प्लास्टिकची खुर्ची. सव्वापाचला उठते, दूधवाला यायच्या आधी १५ मिनिटं मिळतात, त्यातली दोन-तीन नुसती शांत बसण्यात जातात आणि ती गेली तरी चालतात. मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला. बायबल ॲप चांगलं आहे, मी लोकलमध्ये तेच वापरते, पण सकाळी छापलेलं पुस्तकच घ्या, कारण ॲप उघडलं की वर व्हॉट्सॲपचे मेसेज दिसतात आणि मन तिथंच अडकतं. पहाट जमत नसेल तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसा, रात्रपाळीवाल्यांनी घरी आल्यावर बसा, वेळ कुठलीही चालेल फक्त ती रोजची असू दे.

आता वाचायचं कसं ते. ही पद्धत फार जुनी आहे, बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका मठवासी साधूने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवाजवळ बसणं. कॅथलिक मंडळी हिला लेक्सिओ डिव्हिना म्हणतात, आपण प्रोटेस्टंटांनी नावाला बिचकायचं कारण नाही, करायला एकदम साधं आहे.

पहिल्यांदा मोठ्याने वाचायचं. निदान ओठ हलले पाहिजेत. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाविषयी लिहिलंय तिथे मूळ हिब्रू शब्द हागा असा आहे आणि त्याचा अर्थच पुटपुटणं, गुरगुरणं असा होतो, बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात सिंह शिकारीवर बसून गुरगुरतो तिथेही तोच शब्द आलाय. आमची आजी जात्यावर नाही पण निवडत बसली की असंच पुटपुटायची, तांदळातले खडे काढता काढता एकच वचन दहा-दहा वेळा, तेव्हा मला वाटायचं तिला पुढचं आठवत नसेल.

मग दुसऱ्यांदा हळू वाचायचं आणि जिथे मन अडकेल तिथे थांबायचं, पुढे जायचं नाही. उदाहरण देते. २३ वं स्तोत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. इतकं पाठ की ऐकूच येत नाही. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमध्ये माझं केलेलं काम एका सहकारी बाईने स्वतःच्या नावावर दाखवलं, मी आठवडाभर नीट झोपले नव्हते, आणि त्या दिवसांत सकाळी हे स्तोत्र वाचताना मी पाचव्या वचनावर अडकले, शत्रूंच्या देखत देव माझ्यापुढे ताट वाढतो. ताट वाढणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, पाट मांडून, पाणी ठेवून, तुला काय हवं नको विचारत वाढणं. आणि ते शत्रूंच्या देखत! मी इतके दिवस मागत होते की देवा त्या बाईला तिथून काढ, आणि इथे तर शत्रू समोरच बसलेत, कुणी उठवलं नाही त्यांना, आणि तरी ताट वाढलंय. त्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये ती समोरच्या टेबलावर होती आणि मी डबा उघडून पोटभर जेवले, आठवड्यात पहिल्यांदा.

त्याच स्तोत्रात अजून एक गोष्ट मला तिसऱ्या दिवशी दिसली. पहिल्या तीन वचनांत देव 'तो' आहे, तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला चालवतो. चौथ्या वचनात काळोखी दरी येते आणि तिथे एकदम तू होतो, कारण तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना त्याच्याविषयी बोलणारा माणूस अंधारात त्याच्याशी बोलायला लागतो. मला वाटतं या सगळ्या साधनेत करायचं ते एवढंच आहे, दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा तो चा तू करायचा.

म्हणजे तिसरी पायरी. अडकलेलं वचन घेऊन देवाशी बोला आणि घरच्या भाषेत बोला. आपल्याकडे प्रार्थनेला उभं राहिलं की हे परमपवित्र स्वर्गीय पित्या आम्ही तुझ्या चरणी अशी सुरुवात करून मग नेहमीचीच वाक्यं येतात, मंडळीत ते ठीक आहे, पण एकटं असताना 'देवा, मला तिचा राग येतोय आणि माफ करायची इच्छा पण होत नाहीये' एवढं म्हटलं तरी ती प्रार्थना आहे. नगरकडचे असाल तर नगरी बोला, वसईचे असाल तर घरात जे बोलता ते बोला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते याचसाठी, की खेड्यातल्या साध्या बायकांना कुणाच्या मदतीशिवाय कळावं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ ला ते छापून आलं. ज्या बाईने एवढं केलं तिच्या लेकी-नातींनी देवाशी पुस्तकी भाषेत का बोलावं?

चौथी पायरी म्हणजे बोलणं संपलं की दोन मिनिटं गप्प बसणं. काही ऐकू येईल, काही दिसेल अशी वाट बघू नका. नवरा-बायको चहा घेत न बोलता बसतात तसं. मन भटकणारच, भाजीवर जाईल, मुलांच्या फीवर जाईल, ते लक्षात आलं की अडकलेला तो शब्द पुन्हा म्हणायचा, स्वतःवर चिडायचं नाही.

दिवसभरासाठी एक छोटी प्रार्थना असते, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये ही शेकडो वर्षं श्वासाबरोबर म्हणतात, अर्धी श्वास घेताना, अर्धी सोडताना. आपल्याला नामस्मरण नवीन नाही, आजूबाजूला ते ऐकतच आपण मोठे झालोय, त्यामुळे मराठी माणसाच्या तोंडात ही लवकर बसते. निरंतर प्रार्थना करा असं बायबलमध्ये प्रेषित पौल लिहितो ते कसं शक्य आहे असं मला वाटायचं, आता सिग्नलला, लिफ्टमध्ये, कुकरची शिट्टी व्हायची वाट बघताना आपोआप होतं. मात्र ते जमायला मला सहा-सात महिने लागले.

रात्रीची गोष्ट मला सकाळपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. झोपायच्या आधी १० मिनिटं दिवसाची उजळणी. लोयोलाच्या संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात ही पद्धत शिकवली. आधी आभार, मग देवाकडे मागायचं की माझा दिवस तुझ्या नजरेने दाखव, मग सकाळपासून एकेक तास आठवत यायचं, जिथे चुकलं तिथे माफी, आणि उद्यासाठी एक गोष्ट. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे, मी रोज फक्त दोन ओळी लिहिते, आज तू कुठे भेटलास आणि आज मी तुला कुठे टाळलं. मागच्या मंगळवारचं देते. भेटलास : धाकट्याने स्वतःहून आजोबांचं पाणी भरून ठेवलं. टाळलं : जाऊबाईंचा फोन मुद्दाम उचलला नाही. बस एवढंच. पण महिन्याने मागची पानं चाळली तेव्हा टाळल्याच्या ओळीत जाऊबाई सात वेळा आल्या होत्या, आणि मग मला त्यांच्या घरी जावंच लागलं, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात स्पष्ट आहे की वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. गेले, चहा झाला, दोघी रडलो. पूर्ण मिटलं असं नाही म्हणणार, पण आता फोन उचलते.

उपासाबद्दल थोडक्यात. आपला उपवासकाळ राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत असतो, रविवार सोडून ४० दिवस होतात, त्यात किंवा एरवी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडून बघा, पण जेवणाचा तो अर्धा तास प्रार्थनेला द्या आणि वाचलेले पैसे कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या, नाहीतर ते नुसतं डाएट होतं. यशयाचा ५८ वा अध्याय आधी वाचा, भुकेल्याला आपल्यातली भाकर दे, हाच मला आवडणारा उपास असं देव तिथे सांगतो. शुगर असेल, गरोदर असाल, गोळ्या चालू असतील तर जेवण सोडू नका, टीव्ही किंवा मोबाईल सोडा.

आणि गा. खरंच गा, घरात एकटे असताना. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आपल्याला अभंग दिले, कीर्तन दिलं, पेटी-तबल्यावर म्हणता येतील अशी गाणी दिली. गाताना देवाला 'तू' म्हणणं वाचण्यापेक्षा सोपं जातं. उपासना संगीत हे आपलं गाण्यांचं पुस्तक कपाटात ठेवू नका, स्वयंपाकघरात ठेवा, डाग पडले तर पडू देत.

शेवटी कोरड्या दिवसांबद्दल, कारण याविषयी कुणी बोलत नाही. असे दिवस येतात, कधी आठवडे येतात, की वाचलं तरी काही नाही, प्रार्थना छताला लागून खाली पडते. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा मला प्रार्थनेत एक शब्द सुचायचा नाही, आणि ते गेल्यावर भेटायला आलेल्या एकाने मला सांगितलं की विश्वास कमी पडला. ते वाक्य मी दोन वर्षं उराशी घेऊन फिरले. तुम्हाला कुणी असं म्हटलं असेल तर कृपा करून ते मनातून काढून टाका आणि ८८ वं स्तोत्र उघडा, ते अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी कितीतरी वर्षं देवाची जवळीक अजिबात न जाणवता काम केलं, रोज प्रार्थनेला बसून. अशा दिवसांत नवीन काही करू नका. खुर्चीत बसा, १३ वं स्तोत्र मोठ्याने वाचा, सहाच वचनं आहेत, त्यात हा माणूस देवाला चार वेळा विचारतो, किती काळ. तुम्हीही विचारा. आणि एखाद्या मैत्रिणीला सांगून ठेवा की मला सध्या प्रार्थना करता येत नाहीये, माझ्या वतीने तू कर. माझ्यासाठी एकीने चार महिने केली, रोज रात्री साडेनऊला, आणि एकदाही मला विचारलं नाही की आता बरं वाटतंय का.

तर आज रात्री एवढंच करा, एक वही शोधा, त्यात दोन ओळी लिहा, बायबलमध्ये २३ व्या स्तोत्रावर खूण घालून ते खुर्चीजवळ ठेवा आणि मोबाईलचा चार्जर हॉलमध्ये नेऊन लावा.