रुपया घसरला की आधी दाण्याचा भाव विचारा

जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात निर्यातीचे कागद सांभाळायला लागलो, तेव्हा बी.कॉम.चं एक वाक्य डोक्यात पक्कं होतं: रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी. डॉलर वधारल्याची बातमी वाचून मी खुशीत ऑफिसात आलो. शेठ फोन कानाशी धरून प्लास्टिकच्या दाण्याचा, म्हणजे चटईच्या कच्च्या मालाचा, नवा भाव लिहून घेत होते. फोन ठेवला आणि तोच कागद माझ्यापुढे सरकवला. "भाऊ, आधी हे बघ."

चटई प्लास्टिकच्या दाण्याची. दाणा देशातल्या कंपनीचा घेतला, तरी त्याचा भाव आयात मालाकडे बघूनच ठरतो. बिल रुपयात, चाल डॉलरची. समजा, 100 रुपयांच्या विक्रीत 60 रुपये दाण्याचे. डॉलर 5 टक्के चढला तर विक्रीत 5 रुपये वाढतात, पण 3 दाण्यातच जातात. उरलेल्या दोनावर गिऱ्हाइकाचा डोळा असतो. डॉलरचा दर त्याच्याही मोबाइलवर दिसतो.

रावेर-यावलच्या केळीचं गणित निराळं. पोटॅश खत बाहेरून येतं, रीफर म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरचं भाडं डॉलरमध्ये. पण मजुरी, पाणी, रोपं रुपयातली, म्हणून फायदा जास्त टिकतो. दुबईचा दिरहम डॉलरला बांधलेला, त्यामुळे तिकडच्या व्यापाऱ्याला आपला माल स्वस्त देणं जमतं. केळीतल्या आपल्या स्पर्धकांपैकी इक्वाडोरने 2000 साली डॉलरच चलन म्हणून घेतला, त्यांना ही सवलत नाही. फिलिपिन्सचा पेसो मात्र आपल्यासोबत घसरला, तर आपली आघाडी तिथेच संपते. म्हणून एकट्या रुपयाकडे बघू नका, स्पर्धकाचं चलनही बघा.

माझी चूक तारखेची. ऑक्टोबर 2022 मध्ये रुपया डॉलरमागे पहिल्यांदा 83 च्या पार गेला, त्याच आठवड्यात आमचं 20,000 डॉलरचं बिल निघालं. दर अजून चढेल म्हणून मी बँकेत फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच पक्का करणारा करार, करायचं सुचवलंच नाही. जानेवारीत पैसे आले तेव्हा डॉलर 81 च्या आसपास. सुमारे 40,000 रुपये गेले, आणि दाणा तर महाग असतानाच घेतलेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नव्याने येणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात एक वही करावी. प्रत्येक ऑर्डरपुढे तीन रकाने: डॉलरमध्ये येणार किती, डॉलरच्या चालीने जाणार किती, पैसे कोणत्या तारखेला येणार. तिसरा रकाना रिकामा असेल, तर भाव देऊ नका.