गेमिंग हेडसेट पारखताना आधी गादी, मग आवाज

दुकानात पाच मिनिटं डोक्यावर चढवलेला कुठलाही हेडसेट बरा वाटतो. कानावरची गादी नवी असते आणि आवाजही मोठा ठेवलेला असतो. खोड कळते ती सलग दीड-दोन तास घातल्यावर. म्हणून विकत घेण्याआधी परत करण्याची मुदत पाहा, खोकं आणि आतला फोम जपून ठेवा आणि खालच्या सगळ्या चाचण्या त्या मुदतीत उरका.

सुरुवात सोयीपासून करायची, कारण गादी कानाभोवती नीट बसली नाही तर आवाजाची परीक्षाच खोटी ठरते.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ३०० ग्रॅमच्या आत असेल तर हलका. ३५० च्या पुढे मान बोलू लागते, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. वरची पट्टी टाळूला एकाच ठिकाणी टेकत असेल तर हलका हेडसेटही ठणका लावतो. तासाभराने तो काढून टाळूवर बोट फिरवा. एखादी जागा हळवी लागली तर भार नीट वाटला जात नाही.

मग पकड. मान खाली घालून डोकं हलवा. घसरला तर सैल. कानापुढे, जबड्याच्या सांध्यावर दुखलं तर घट्ट. पट्टीत पोलाद असेल तर डोक्यापेक्षा किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवा, पकड थोडी सैलावते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर हा प्रयोग नको, तडकते.

गादीच्या आतली पोकळी मोजपट्टीने मोजा. मोठ्या माणसाचा कान साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर उंच असतो. पोकळी त्याहून लहान असली तर कडा कानावरच बसते. आतल्या जाळीला कान टेकत असेल तर तासाभरात तिथे झोंबायला लागतं.

चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच तपासावं. काडीमुळे गादीखाली फट राहते आणि खालचा आवाज, म्हणजे बेस, तिथून निसटतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: ५० हर्ट्झचा सलग सूर लावा आणि दोन्ही वाट्या बोटांनी हलकेच दाबा. सूर एकदम भरदार झाला तर फट आहे. ‘या हेडसेटला बेसच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा चष्म्याच्या काडीची असते.

रेक्झिनची गादी बेस धरते, पंख्याचा आवाज अडवते आणि घाम काढते. कापडी गादी थंड राहते, पण बेस थोडा पातळ होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामाने रेक्झिनचे पापुद्रे सुटतात, तेव्हा गादी काढता येते का आणि सुटी मिळते का, हे आधीच बघा.

आता आवाज. सॉफ्टवेअरमधलं बेस बूस्ट, इक्वलायझर (खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण बदलणारी सोय) आणि ७.१ सराउंड (आवाज चहूबाजूंनी येतोय असा भास देणारी सोय) आधी बंद करा. दोन हेडसेट ताडून पाहताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो, तिथेच फसगत होते.

एकाच माणसाचं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच वाजणारं, बोलणं लावा. ते डोक्याच्या बरोबर मध्ये ऐकू यायला हवं. उजवीकडे सरकलं तर हेडसेट उलटा घाला. आता डावीकडे गेलं तर दोष हेडसेटचा किंवा ज्याला जोडलाय त्याचा, आणि तो फोनला लावून वेगळा काढता येतो. तरीही उजवीकडेच राहिलं तर डाव्या कानातला मळ तपासा.

मग २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर हळू ऐका. खालच्या टोकाला खरखर आली तर ड्रायव्हर, म्हणजे वाटीतला छोटा स्पीकर, सैल आहे किंवा त्याच्या पडद्यावर केस अडकलाय. केसाची शक्यता हसण्यावारी नेऊ नका, गादी काढून पाहाच. ६ ते ९ किलोहर्ट्झच्या आसपास सूर टोचत असेल तर बोलण्यातला ‘स’ही टोचणार. यानंतर ओळखीचं तबलावादन लावा. डग्ग्याचा घुमारा वेळेत विरतो की गोळा होऊन किनारीवरचा ‘ना’ झाकतो? झाकत असेल तर खेळात स्फोटाखाली पावलांचा आवाजही झाकला जाईल.

दिशा तपासायला खेळाच्या सराव-मैदानात सोबत्याला भोवती फिरायला सांगा, डोळे मिटा आणि तो जिथे वाटेल तिकडे बोट दाखवा. डावं-उजवं कुठलाही हेडसेट दाखवतो, गल्लत पुढच्या-मागच्यात होते. खोक्यावरच्या ‘७.१’ला भुलू नका. आत बहुतेकदा दोनच ड्रायव्हर असतात, बाकी सगळं गणित. व्हॅलोरंट या खेळात एचआरटीएफ (दोन कानांत आवाजाची दिशा भासवणारी सोय) चालू असताना हेडसेटचंही सराउंड चालू ठेवलं तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा पुसट होते. दोन्हींपैकी एकच ठेवा. ‘५० एमएम ड्रायव्हर’ हा आकडाही दर्जा सांगत नाही.

हेडसेटला नावं ठेवण्याआधी जोडणी पाहा. चार भागांची पिन अर्धवट बसली तर गाण्यातला मधला गळाच गायब होतो. माइक आणि स्पीकरची भोकं वेगळी असलेल्या संगणकाला स्प्लिटर (एका पिनेच्या दोन पिना करणारी तार) लागतो, नाहीतर माइक चालत नाही. ब्लूटूथवर माइक सुरू होताच आवाज अनेकदा फोनकॉलसारखा चपटा होतो. खेळासाठी २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा वायरलेस तुकडा) बरा.

माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं दूर ठेवा, पंखा पाचावर करा आणि ‘पोपट फडफडला’ म्हणत अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. ‘प’ला फुंकर ऐकू आली तर माइक आणखी बाजूला घ्या. शब्दांची शेपटं तुटत असतील तर नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट कापणारी सोय) एक पायरी उतरवून पुन्हा रेकॉर्ड करा.