राष्ट्रांच्या न्यायाची वचनं वाचताना या चुका टाळा (आमच्याकडे सगळ्या करून झाल्यात)

८ डिसेंबर २०२४, रविवार. उपासनेला निघायची गडबड, शर्टाची अर्धी बटणं लावायची राहिलेली, आणि फॅमिली ग्रुपवर मामांचा मेसेज पडला, "दिमिष्क पडलं!!! यशया १७:१ वाचा, वेळ जवळ आलीय", खाली आगीचे तीन इमोजी आणि जळणाऱ्या शहराचा एक फोटो, जो पैजेवर सांगतो दुसऱ्याच कुठल्यातरी शहराचा होता. दिमिष्क म्हणजे दमास्कस, सीरियाची राजधानी, आणि सीरियातून तिथला राष्ट्राध्यक्ष असद पळून गेला होता एवढं खरं. पण हेच वचन मामांनी २०१३ला पण टाकलेलं, मग मध्ये एकदा तिथे क्षेपणास्त्रं पडली तेव्हा पण टाकलेलं, म्हणजे आमच्या ग्रुपच्या हिशोबाने दिमिष्क आतापर्यंत तीनदा नष्ट झालंय आणि तिथली माणसं बिचारी अजून रोज सकाळी उठून भाकरीच्या लायनीत उभी राहतायत.

मी पास्टर वगैरे नाही, मंडळीत बरीच वर्षं बायबल स्टडी घेतो एवढंच. यशया १३ ते २३, यिर्मया ४६ ते ५१, यहेज्केल २५ ते ३२, आमोसचे पहिले दोन अध्याय, ओबद्या, नहूम, हा सगळा राष्ट्रांवर परमेश्वराचा न्याय सांगणारा भाग लोक एकतर पानं उलटून पुढे जातात नाहीतर डायरेक्ट टीव्हीच्या बातमीला चिकटवतात. खालच्या चुकांमधल्या निम्म्या मी स्वतः केल्यात त्यामुळे कोणी मनाला लावून घेऊ नका.

संदेष्ट्याला ज्योतिषी करून टाकणं

आपल्याकडे ‘भविष्य’ म्हटलं की डोक्यात पेपरातलं राशिभविष्यच येतं, मेष वृषभ मिथुन, आणि मग आपण यशया पण तसाच उघडतो, बघू रशियाचं काय लिहिलंय, चीनचं काय. अरे पण शब्दच बघा ना, संदेष्टा, म्हणजे संदेश घेऊन आलेला माणूस. तो त्याच्या काळातल्या राजाला, त्याच्या काळातल्या भांडणाबद्दल तोंडावर सुनावत होता. ‘बाबेलविषयीची (म्हणजे बॅबिलोनविषयीची) देववाणी’ असं जे येतं तिथे हिब्रूत मस्सा शब्द आहे आणि त्याचा दुसरा अर्थ ओझं. हे बोलणं त्यांना झेपत नव्हतं, सांगताना जीव जात होता. यशया १६ मध्ये मवाब, म्हणजे शत्रू, त्याच्यासाठी संदेष्टा रडतो. आपण मात्र फायर इमोजी टाकतो.

नावांचा घोळ

ही चूक सगळ्यात कॉमन आणि दुरुस्त करायला सगळ्यात सोपी, तरी होतेच.

अश्शूर (असिरिया) आणि सीरिया एक नाही. अश्शूरची निनवे म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलच्या शेजारचे अवशेष. आजच्या सीरियाशी जे नाव जुळतं ते अराम, त्याची राजधानी दिमिष्क. पारस म्हणजे इराण हे ढोबळमानाने चालतं. कूश म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) दक्षिणेचा मुलूख, आजचा सुदान धरा.

आता इस्राएल. आपल्या बायबलात ‘इस्राएल’ आणि पेपरात ‘इस्रायल’, मराठीने बिचारीने स्पेलिंगच वेगळं ठेवलंय तरी आपण एकच समजून वाचतो. आमोसच्या वेळचं इस्राएल म्हणजे उत्तरेकडचं राज्य, राजधानी शोमरोन, आणि ते इ.स.पू. ७२२च्या सुमाराला अश्शूरने संपवलं. आजचं राज्य १९४८चं. दोघांचं नातं काय यावर ख्रिस्ती लोकांत खूप मतं आहेत, ती असू द्या, पण आधी दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तरी मान्य करा, मग नातं जोडा.

आणि पलिष्टी म्हणजे पॅलेस्टिनी हे तर कृपा करून नका करू. नाव तिथूनच आलंय, बरोबर, रोमन लोकांनी दुसऱ्या शतकात त्या प्रांताला ते नाव चिकटवलं. पण आमोस स्वतः सांगतो की पलिष्टी कफतोराहून, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले, आणि बाबेलच्या स्वाऱ्यांनंतर ते लोक म्हणून इतिहासातून गेलेच. आजच्या गाझात जुनी चर्च आहेत, तिथे आपल्यासारखीच माणसं ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात. गज्जाविषयीचं (बायबलात गाझाला गज्जा म्हणतात) वचन त्यांच्या डोक्यावर मारायच्या आधी दोन मिनिटं थांबा.

मागोग (यहेज्केल ३८ मधल्या शत्रूचा देश) आणि रशियाचं पण असंच. यहेज्केल ३८ मधलं रोश म्हणजे रशिया, मेशेख म्हणजे मॉस्को, तुबाल म्हणजे टोबोल्स्क, हे १९०९ला अमेरिकेत छापलेल्या स्कोफिल्डच्या तळटीपांमधून घरोघरी पोचलं. नुसता आवाज जुळतो म्हणून. मेशेख आणि तुबाल ही नावं अश्शूरच्या जुन्या नोंदींत सापडतात आणि ती आजच्या तुर्कस्तानातली आहेत. ‘रोश’ला तर हिब्रूत अर्थच डोकं, मुख्य असा आहे, म्हणून काही भाषांतरं ‘मुख्य अधिपती’ असं करतात. आवाजावरून देश शोधायचे तर आपल्या नगर जिल्ह्यातली पण दोनचार गावं सापडतील.

अजून एक, ‘राष्ट्र’ हा शब्द. आपल्याला त्यात झेंडा, पासपोर्ट, बॉर्डर दिसते. हिब्रूतला गोय म्हणजे एक लोकसमूह, जमात, त्यांचा राजा, त्यांचा देव. ते लक्षात ठेवून वाचलं की अर्धं टेन्शन कमी होतं.

वचन १ वाचून अध्याय बंद

मामांच्या दिमिष्ककडे परत येतो. यशया १७चं पहिलं वचन काय म्हणतं, तर दिमिष्क शहर राहणार नाही, ढिगारा होईल. इथे फोन बंद करून लोक फॉरवर्ड दाबतात. तिसऱ्या वचनावर जा. तिथे दिमिष्कसोबत एफ्राइम आहे, म्हणजे उत्तरेचं इस्राएल, परमेश्वराचे स्वतःचे लोक. कारण त्या वेळी अराम आणि एफ्राइम या दोघांनी युती करून यरुशलेमवर चाल केलेली, साधारण इ.स.पू. ७३५. त्यानंतर ७३२ला अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरने दिमिष्क घेतलं, त्याची नोंद २ राजे १६ मध्ये पण आहे. आणि सहाव्या वचनात जैतुनाचं झाड झोडपल्यावर शेंड्याला दोनतीन फळं उरतात तसं उरणार असं जे चित्र आहे, ते कोणाचं? शत्रूचं नाही, याकोबाचं. म्हणजे ज्या अध्यायाला आपण सीरियाचा म्हणून फिरवतो त्यातला मोठा भाग घरच्यांवर आहे.

सोपा उपाय: फॉरवर्ड करायच्या आधी पूर्ण अध्याय मोठ्याने वाचायचा, एक मागचा आणि एक पुढचा पण. मोठ्याने वाचलं की डोळा उड्या मारत नाही.

‘अक्षर न् अक्षर पूर्ण झालं’ असं छाती ठोकून सांगणं

मंडळीच्या युथ ग्रुपमध्ये असताना सोर (टायर) शहराचा किस्सा मी फार रंगवून सांगायचो, यहेज्केल २६, शहराचे दगड आणि माती समुद्रात टाकतील, आणि मग इ.स.पू. ३३२ला सिकंदर आला, त्याने जुन्या सोरचा मलबा समुद्रात टाकून बेटापर्यंत रस्ता केला, सात महिन्यांत शहर पडलं, टाळ्या. किस्सा खरा आहे. पण एका पोराने विचारलं की दादा गूगल मॅपवर तर सोर आहे, लेबनॉनमध्ये, हॉटेलं पण आहेत, मग पुन्हा बांधलं जाणार नाही असं लिहिलंय त्याचं काय? मला घाम फुटला.

तेव्हा मी पुढचं वाचलंच नव्हतं. यहेज्केल २९, वचन १७ पासून, तिथे स्वतः यहेज्केलच लिहितो की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने सोरवर एवढी मेहनत केली, डोक्याचे केस गेले, खांदे सोलले, आणि हाताला काही लागलं नाही, म्हणून त्याला मजुरी म्हणून मिसर देतो. (वेढा तेरा वर्षं चालला असं जुना यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो.) म्हणजे गुळगुळीत हिशोब बायबल स्वतःच मांडत नाही. यावर जाणकारांची वेगवेगळी उत्तरं आहेत, कोणी म्हणतं अनेक राष्ट्रं लाटांसारखी येतील असं आधीच म्हटलंय, कोणी म्हणतं ही कवितेची भाषा आहे. मला दोन्हीत थोडं थोडं पटतं. पण पोराला ‘प्रश्न विचारू नको, विश्वास ठेव’ म्हणणं ही चूक मी केली आणि तो पोरगा पुढे चारपाच महिने स्टडीला आला नाही.

बाबेलचं पण तेच. यिर्मया ५०-५१ वाचलं की वाटतं शहर रक्ताने भरलं असणार. प्रत्यक्षात इ.स.पू. ५३९ला पारसचा राजा कोरेश (सायरस) आला आणि शहर जवळजवळ न लढता हाती लागलं. कोरेशचा तो मातीचा सिलिंडर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणलेला, २०१३-१४च्या हिवाळ्यात, आम्ही नगरहून एसटीने गेलेलो. वीतभर लांबीचा, भाजलेल्या मातीचा, मक्याच्या जाडजूड कणसासारखा, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. त्यात लिहिलंय की बाबेलच्या मार्दूक देवाने कोरेशला निवडलं आणि लढाई न होता शहरात नेलं. यशया ४५ म्हणतो परमेश्वराने कोरेशचा हात धरला. काचेसमोर उभं राहून मी दोन्ही मनात वाचत होतो, मागून लोक ‘पुढे चला पुढे चला’ करत होते. बाबेल ओस पडलं ते त्यानंतर, हळूहळू, काही शतकांत. आज हिल्ला गावाजवळ अवशेष आहेत, सद्दामने तिथे स्वतःचं नाव कोरलेल्या विटा बसवल्या होत्या, त्याचं काय झालं ते सांगायला नको.

अट विसरणं

यिर्मया १८, कुंभाराच्या चाकाचा अध्याय, त्यातली ७ ते १० वचनं पाठ करा. एखाद्या राष्ट्राला मी उपटीन म्हणालो आणि ते वळलं तर मी पण वळेन, असा सरळ मजकूर आहे. योना संदेष्ट्याने निनवेत जाऊन सांगितलं, चाळीस दिवसांत शहर नष्ट होणार, बस्स. अट सांगितलीच नाही. तरी लोक वळले, शहर वाचलं, आणि योना चिडून बसला, कारण त्याचा अंदाज खोटा पडला. आपल्यातले बरेच जण योना आहेत, देश बुडाला नाही की नाराज होतात. (निनवे पुढे इ.स.पू. ६१२ला पडलीच, नहूम वाचा, पण मध्ये पिढ्यान् पिढ्या गेल्या.)

प्रत्येक संकट म्हणजे न्याय

मे २०२०, विदर्भात टोळधाड आली, संत्र्याच्या बागांवर, आणि लगेच योएलचा टोळांचा पहिला अध्याय सगळीकडे. तेव्हा माझ्या डोक्यात किल्लारीचा भूकंप आला. ३० सप्टेंबर १९९३, सुमारे दहा हजार माणसं पहाटे झोपेत गेली. त्यांना कोणी पापी ठरवलं तर तुम्हाला कसं वाटेल? लूक १३ मध्ये प्रभू येशूने हाच प्रश्न उलटा टाकलाय, शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते? नाही म्हणाला. आणि मग बोट ऐकणाऱ्यांकडे वळवलं.

येशू परत येण्याच्या, जग संपण्याच्या तारखांबद्दल जास्त लिहीत नाही. विल्यम मिलरचे लोक २२ ऑक्टोबर १८४४ची रात्र जागले, हॅरोल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली, दोन्हीच्या दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. मार्क १३:३२ वाचा (तो दिवस कोणालाच माहीत नाही) आणि विषय सोडा.

यादीत स्वतःचं नाव न शोधणं

बाकी सगळ्या चुका मी माफ करीन, ही नाही. आमोस मूळचा दक्षिणेतल्या तकोवाचा, गुरं राखणारा, उंबराच्या झाडांची देखभाल करणारा माणूस, उत्तरेत जाऊन बोलतो. सुरुवात दिमिष्कपासून, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूश, शेजाऱ्यांची चांगली जिरतेय. नकाशा काढून बघा, चारी बाजूंनी येत येत फास आवळत जातो. मग यहूदा, दक्षिणेचं राज्य, भाऊबंद. आणि मग शेवटी, सगळ्यात लांबलचक, इस्राएल. समोर बसलेलेच.

आणि गुन्हे कुठले बघा. दिमिष्कने गिलादची माणसं लोखंडी औतांनी मळली. गज्जाने गावंच्या गावं धरून अदोमला विकली. अम्मोनने हद्द वाढवायला गरोदर बायकांची पोटं फाडली. मवाबने अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला. या शेवटच्यात इस्राएलचा संबंधच नाही, दोन परक्यांचं आपसातलं प्रकरण, तरी परमेश्वर हिशोब मागतो. आजच्या जगाशी याचा काय संबंध असं कोणी विचारलं तर मी आधी हे दाखवतो. कुठला देश बुडणार याची चर्चा नंतर.

इस्राएलचा गुन्हा आला तेव्हा आमच्या स्टडीत एक म्हातारी बाई होत्या, आख्खी जवानी ऊसतोडीत गेलेली. मी वाचलं, पायातल्या जोड्याच्या किमतीला गरीब विकला. त्या म्हणाल्या, "म्हणजे उचलीसारखं का हो?" मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायको मिळून एक कोयता, आणि फिटेपर्यंत पुढच्या सीझनला पण जायचंच. खोलीत एक ट्रॅक्टरवाले पण बसले होते, टोळ्या पुरवणारे, मंडळीला वर्गणी वेळेवर देणारे. ते फोन बघायला लागले. मी पण पुढच्या वचनावर पटकन गेलो, खोटं कशाला बोलू.

तर मामांना मी त्या रविवारी एवढंच टाईप केलं, ‘मामा, सहाव्या वचनापर्यंत वाचा, मोठ्याने.’ ब्लू टिक आली, उत्तर नाही. मंगळवारी रात्री फोन आला. "अरे, हे तर आपल्याच लोकांचं निघालं की रे." मी म्हटलं हो. म्हणाले, "मग ग्रुपवर टाकू का नको?" म्हटलं टाका की, पण आगीचं चित्र काढा. अजून टाकलेलं नाही.