स्पॅनिशचे छोटे शब्द शिकताय? या चुका टाळा

सोल, मार, पान, साल, लूस. म्हणजे सूर्य, समुद्र, पाव, मीठ, उजेड. तीन-तीन अक्षरांचे हे स्पॅनिश शब्द एका बैठकीत पाठ होतात, शब्दशोधाच्या चौकटीत पटापट सापडतात आणि आपली गाडी भरधाव निघाली असं वाटायला लागतं. महिन्याभराने कोणी साधं "मीठ दे" म्हणून दाखवायला सांगितलं की जीभ अडते. शब्द डोक्यात असतो, पण ओठावर येत नाही. आलाच तर एकटा येतो, मागेपुढे काय लावायचं ते सुचत नाही.

स्पॅनिश शिकवताना हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता कारण सांगताना मला शंका वाटत नाही. दोष स्मरणशक्तीचा नसतो. 'आखूड शब्द म्हणजे सोपा शब्द' हा समज नडतो. कुठल्याही भाषेत रोज तोंडात असणारे शब्द बहुधा आखूडच असतात आणि सगळ्यात जास्त अर्थ, सगळ्यात जास्त अपवाद त्यांच्याच पदरी असतात. मराठीतला 'लाव' घ्या. दिवा लावतात, दार लावतात, औषध लावतात, नाव लावतात, वेळ लावतात. परक्या माणसाने 'लाव'चा एकच अर्थ वहीत लिहून घेतला तर त्याचं जे होईल, तेच आपलं स्पॅनिशमध्ये होतं.

एक खुलासा आधीच करते. इथे उच्चार लॅटिन अमेरिकेतले दिले आहेत. स्पेनच्या बहुतेक भागात 'झेड'चा उच्चार जीभ दातांमध्ये आणून करतात, लॅटिन अमेरिकेत तो सरळ 'स' होतो. मूळ स्पेलिंग कोशातून शेजारी लिहून घ्या, कारण पुढच्या निम्म्या चुका स्पेलिंगच्याच आहेत.

शब्द एकटा उचलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खेळात उत्तर 'फ्लोर' असतं, आपण 'फ्लोर म्हणजे फूल' पाठ करतो आणि 'ला फ्लोर' पाठ करायचं राहून जातं. स्पॅनिशमध्ये लिंग दोनच, पुल्लिंग 'एल' आणि स्त्रीलिंग 'ला'. वस्तूला लिंग असतं ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, आणि ही आपली मोठी जमेची बाजू आहे. पण त्याच जोरावर आपण मराठी लिंग नकळत तिकडे नेतो. हात आपल्याकडे 'तो', तिकडे 'ला मानो'. शेवटी 'ओ' असूनही स्त्रीलिंग. उजेड 'तो', तिकडे 'ला लूस'. मीठ, दूध, फूल ही तिन्ही नपुंसकलिंगी, तिकडे 'ला साल', 'ला लेचे', 'ला फ्लोर'. झाड मात्र 'एल आर्बोल'. दिवस दोन्हीकडे पुल्लिंगी, फक्त 'एल दीआ'च्या शेवटचा 'आ' आपल्याला फसवतो.

पाण्यापाशी तर हमखास घोळ होतो. 'आग्वा' स्त्रीलिंगी, तरी म्हणतात 'एल आग्वा'. जोर देऊन म्हटलेल्या (आघातयुक्त) 'आ'ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामाला एकवचनात 'एल' लागतं, एवढंच कारण. विशेषण स्त्रीलिंगीच राहतं, 'एल आग्वा फ्रीआ', आणि अनेकवचनात 'लास आग्वास' परत येतं.

उपाय साधा आहे. कोड्यात तीन अक्षरं भरली की समासात आर्टिकलसकट, म्हणजे 'एल' किंवा 'ला' लावून, शब्द लिहा आणि मोठ्याने वाचा. कोडं थोडं सावकाश सुटेल, सुटू द्या.

स्पॅनिश शब्द इंग्रजी डोळ्यांनी वाचणं

रोमन लिपी दिसली की आपण इंग्रजीच्या सवयीने वाचतो. छोट्या शब्दांत हे फार घातक, कारण तेच स्पेलिंग इंग्रजीतही शब्द म्हणून असतं. इंग्रजीत 'रेड' दिसतं ते स्पॅनिशमध्ये 'रेद', म्हणजे जाळं. इंग्रजी 'वन्स'चं स्पेलिंग तिकडे 'ओन्से', म्हणजे अकरा. 'पाय'चं स्पेलिंग म्हणजे 'प्ये', अर्थ पाऊल. 'सिन' म्हणजे शिवाय, 'सोन' म्हणजे 'ते आहेत', आणि इंग्रजी 'कम' दिसतं ते 'कोमे', म्हणजे खातो किंवा खाते. 'सोपा' म्हणजे सूप, साबण नव्हे. साबणाला 'हाबोन' म्हणतात.

उच्चाराचंही तेच. स्पॅनिशमधले 'टी' आणि 'डी' हे आपले त आणि द, दातांना जीभ लावून म्हणायचे. आपल्या तोंडात ते जन्मापासून तयार आहेत, तरी इंग्रजीमार्गे गेल्यामुळे आपण 'डॉस' म्हणतो. दोनला 'दोस' म्हणायचं, बस. दुसऱ्या पुरुषाचं सर्वनाम तर अगदी आपलंच आहे: 'तू'. अर्थही तोच, आणि मान द्यायचा तर 'तू' सोडून 'उस्तेद' म्हणायचं. आपल्या 'तू' आणि 'आपण' यांच्यासारखंच. मला ही जुळणी फार आवडते, आणि ती 'टू' म्हणून वाया घालवलेली पाहवत नाही. आ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वरही जवळजवळ आपल्यासारखेच आहेत. प आणि क म्हणताना इंग्रजीसारखा श्वास सोडायचा नाही.

आवाजातून आठवण ठेवायची युक्ती मात्र जपून वापरा. 'ओला' म्हणजे लाट, ती आपल्याला ओलं करते. ही खूण चांगली, कारण चित्र एकच राहतं. (नमस्कारासाठीचा 'ओला' उच्चाराने तोच, फक्त स्पेलिंगच्या सुरुवातीला मूक 'एच' असतो.) पण 'पान' ऐकून आधी झाडाचं पान, मग पाव, 'साल' ऐकून आधी फळाची साल, मग मीठ, अशी वळसे घालणारी खूण बोलताना पायात येते. त्यापेक्षा खरं नातं असलेले शब्द धरा. 'चावी' आणि 'पगार' मराठीत पोर्तुगीजमधून आले. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, म्हणून तिच्यात पैसे देणे म्हणजे 'पागार', आणि चावीचं भावंड म्हणजे 'यावे'.

डोक्यावरची रेघ सोडून देणं

शब्दकोडी आणि स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द जुळवायचा खेळ) यांत स्वरावरची तिरकी रेघ मोजत नाहीत. खेळापुरतं ते ठीक, पण वहीत तसंच उतरवलं की अर्थ बदलतो. रेघेविना 'सी' म्हणजे जर, रेघेसह म्हणजे हो. 'ते' रेघेविना तुला, रेघेसह चहा. 'एल' रेघेविना आर्टिकल, रेघेसह तो. 'तू'वर रेघ नसेल तर 'तुझा'. अशा एकाक्षरी जोड्या मोजक्याच आहेत, एका कार्डावर मावतात. उलट्या बाजूने, 'ती'वर (शब्दयोगी अव्ययानंतर येणारं 'तुझ्या-') रेघ कधीच नसते, आणि 'फ्वे', 'ब्यो', 'द्यो' यांच्यावरची रेघ १९५९ पासून गेली. जुन्या पुस्तकात दिसली तर गोंधळू नका. दोन अक्षरी शब्दांत रेघ आघाताची जागा सांगते. 'पापा' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा.

'एन्ये' (डोक्यावर नागमोडी खूण असलेलं अक्षर) मात्र रेघवालं 'एन' नव्हे, ते स्वतंत्र अक्षर आहे. इंग्रजी सोंगट्यांवर स्पॅनिश खेळलात तर 'आन्यो', म्हणजे वर्ष, लिहिताच येत नाही. साध्या 'एन'ने लिहिलेला शब्द म्हणजे गुदद्वार. वय सांगताना ही चूक नको. शिवाय इंग्रजी संचात अक्षरांचं प्रमाणही वेगळं. शंभर सोंगट्यांच्या स्पॅनिश संचात 'आ' आणि 'ए' प्रत्येकी १२ असतात, इंग्रजीत 'आ'च्या जागी फक्त ९. स्पॅनिश संचात दुहेरी 'आर'ची स्वतंत्र सोंगटी असते, त्यामुळे 'पेर्रो' (कुत्रा) चार सोंगट्यांत बसतो. एकेरी र असलेला 'पेरो' म्हणजे पण. जुना कोश वापरत असाल तर 'सीएच' आणि 'डबल एल'चे शब्द वेगळ्या विभागात शोधा. १९९४ पर्यंत त्यांचा वर्णक्रम वेगळा होता.

एका शब्दाला एकच अर्थ चिकटवणं

'बेस' घ्या. कार्डावर लोक लिहितात 'वेळ, खेप' आणि पुढे जातात. पण हा शब्द राहतो तो जोड्यांत: 'ऊना बेस' एकदा, 'ओत्रा बेस' पुन्हा, 'आ बेसेस' कधीकधी, 'ताल बेस' कदाचित, 'एन बेस दे' ऐवजी. अनेकवचनात 'झेड' जाऊन 'सी' येतो, तेही इथेच कळतं. लूस-लूसेस, पेस-पेसेस त्याच चालीवर. या पाच जोड्या येत असतील तर 'बेस' येतो असं मी म्हणेन, एरवी नाही.

क्रियापदांत हे आणखी वाढतं. 'फ्वे' म्हणजे 'होता' आणि 'गेला' दोन्ही. 'बीनो' म्हणजे वाइन, आणि 'आला' सुद्धा. 'नादा' म्हणजे काही नाही, आणि 'पोहतो'ही. 'साल' म्हणजे मीठ, आणि 'बाहेर पड!' हा हुकूमही. असे शब्द कोड्यात आले तर दोन्ही अर्थांची दोन वाक्यं लिहा.

सारख्या शब्दांची एकदम भरती

एक अक्षर बदलत जायची शिडी हा माझा आवडता खेळ: पान, पास, पेस, बेस, बोस. पाव, शांती, मासा, खेप, आवाज. पाचही शब्द नवीन असताना ही शिडी चढलात तर आठवड्याने पेस आणि बेस यांची अदलाबदल ठरलेली. एकमेकांसारखे दिसणारे नवे शब्द एकत्र शिकले की एक दुसऱ्याला ढकलतो. 'ओम्ब्रे' (माणूस), 'आम्ब्रे' (भूक) आणि 'ओम्ब्रो' (खांदा) यांचंही तसंच. आधी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक शिका, वाक्यात वापरा, आणि मगच शिडी खेळा. पक्क्या शब्दांवर ती अप्रतिम काम करते.

गल्लत आधीच झाली असेल तर दोन्ही शब्द समोरासमोर ठेवून घोकू नका. एक आठवडाभर बाजूला ठेवा, दुसरा पक्का होऊ द्या.

शोधता येतं म्हणजे येतं असं मानणं

शब्दशोधाला स्पॅनिशमध्ये 'सोपा दे लेत्रास' म्हणतात, अक्षरांचं सूप. नाव छान आहे, पण यादी शेजारी दिलेली असते आणि अर्थ माहीत नसतानाही शब्द सापडतो. डोळ्यांना आकार ओळखता आला, इतकंच. म्हणून यादी मराठीत लिहा आणि सूपात स्पॅनिश शोधा. एका बदलाने सगळा खेळ आठवणीचा होतो. शब्दकोड्यात आठवावंच लागतं, त्यामुळे ते मुळात चांगलं. फाशीच्या खेळात (हँगमन) शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करा. स्पॅनिश शब्द बहुधा स्वरावर किंवा एन, एस, आर, एल, डी, झेड यांवर संपतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला सगळ्यात वेगाने विसरलं जातं. म्हणून खेळात चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी परत यायला हवा, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी. खेळ हे तुमच्यासाठी करत नाही, तो नवा शब्द पुढे करतो. चुकलेल्या शब्दांची वेगळी पाकीटं ठेवा.

आणि स्क्रॅबलसाठी दोन अक्षरी शब्दांच्या याद्या पाठ करू नका. 'न्यू' (हा आफ्रिकेतला प्राणी) गुण मिळवून देईल, पण 'या', 'सू', 'लो', 'अल' हे रोजचे शब्द त्याच्या आधी यायला हवेत. शब्द खरा आहे का याची शंका आली तर स्पॅनिश राजअकादमीचा कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो.

जोडीदार असेल तर एक नियम वाढवा. सोंगट्या लावल्यावर त्या शब्दाचं तोंडी वाक्य म्हटल्याशिवाय गुण मांडायचे नाहीत. 'साल' लावलात? मग "पासामे ला साल", मला मीठ दे.