गार पडली की आधी घड्याळ बघा

होळी झाली की आभाळाचा भरवसा राहत नाही. दुपारभर रणरणतं ऊन, आणि चारच्या सुमारास क्षितिजावर काळंभोर आभाळ उठतं. काढलेला कांदा उघड्यावर, हरभऱ्याची सुडी झाकायची राहिलेली, द्राक्षं तोडणीला आलेली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्यातलं कोण विसरलंय?

पीक झाकण्याच्या धावपळीत एक छोटं काम यंदा नक्की करा. आपल्या शिवारात काय पडलं ते हवामान खात्याला कळवा. खात्याच्या ‘मौसम’ संकेतस्थळावर सामान्य माणसाला पाऊस, गारा, वीज, वादळी वारा यांची नोंद करता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

रडार असताना आपली नोंद कशाला, असं वाटेल. रडारचा किरण सरळ जातो, जमीन मात्र वाकत जाते. दीडशे किलोमीटरवरच्या गावात तो जमिनीपासून साधारण अडीच किलोमीटर उंचावरून जातो. ढगात गार आहे हे त्याला उमगतं. ती खाली येईपर्यंत विरघळली की लिंबाएवढी येऊन घडावर आदळली, हे त्याला दिसत नाही. महसूल मंडळातलं स्वयंचलित केंद्र पाऊस मोजतं, पण गारांचा पट्टा इतका अरुंद असतो की ओढ्याच्या अलीकडे बाग झोडपली जाते आणि पलीकडे पानही हलत नाही. तात्काळ इशारे पुढच्या तीन तासांपुरते असतात. म्हणून तुमची नोंद संध्याकाळी नको, तेव्हाच्या तेव्हा हवी; वाऱ्याच्या दिशेला पुढे असलेल्या गावांसाठी ती मोलाची आहे.

नोंदीत पहिली वेळ लिहा: गार कधी सुरू झाली, कधी थांबली. मग गाव आणि शिवार. आकार ‘मोठ्या गारा’ असा मोघम नको. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी असा सांगा. फोटोत गारेशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. वाऱ्यासाठी झाडाकडे बघा. डहाळ्या मोडत असतील तर वारा ताशी 62 ते 74 किलोमीटरच्या घरात आहे; झाडं मुळासकट उपटली जात असतील तर साधारण नव्वदच्या पुढे. आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच कळवा. गटात फिरत आलेला गेल्या वर्षीचा व्हिडिओ पाठवलात तर खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

पण गार वेचायला विजांमध्ये अंगणात उतरू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबा. झाडाखाली तर उभं राहूच नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या.

अर्ध्या तासात गार विरघळणार, मग मोजायची कशी? यावर अमेरिकेत साधा उपाय सापडला. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात जुलै 1997 मध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला, पुरात 5 जण गेले. गावाच्या एका टोकाला पावसाने कहर केला, दुसऱ्या टोकाला त्याच्या तुलनेत फारच थोडा पडला. त्यातून 1998 मध्ये ‘कोकोराझ’ नावाचं स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. ती माणसं फोमच्या तुकड्यावर फॉइल गुंडाळून अंगणात ठेवतात. आपल्याला थर्माकोल चालेल: फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड तुकडा, वर पोळ्या गुंडाळतो ती फॉइल, चारी कडांना चिकटपट्टी. झाडापासून आणि पत्र्यापासून दूर, विटांवर सपाट ठेवून पक्का बांधा. गार विरघळली तरी खळगा राहतो. निवळल्यावर खळगे मोजा, पट्टी ठेवून फोटो काढा, तारीख घाला आणि आधीच्या नोंदीला ही मापं जोडून पाठवा.

एक गल्लत मात्र करू नका. ही हवामानाची नोंद आहे, पंचनामा नव्हे आणि विम्याची पूर्वसूचनाही नव्हे. नुकसान झालं असेल तर तलाठी, कृषी सहायक आणि विमा उतरवला असल्यास विमा कंपनी, यांना वेगळं आणि मुदतीत कळवावंच लागेल. तुकडा जपून ठेवा, पंचनाम्याला आलेल्यांना तोही दाखवा.