हेलिकोव्हर्पा पतंगांची जात ठरवताना या चुका टाळा

हरभऱ्यावर घाटे अळी, कापसावर हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. नावं तीन, जात एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. उलट गुलाबी बोंडअळी नावावरून तिची बहीण वाटते, पण तिचं कुळसुद्धा वेगळं. पिकावरून जात ठरवू नका.

अळीच्या रंगावरही जाऊ नका. एकाच जातीत हिरव्या, तपकिरी, गुलाबट अळ्या सापडतात. त्यापेक्षा भिंगाखाली डोक्यामागचे केस बघा. मोठ्या अळीत ते आर्मिजेराचे पांढरे, तर ऑस्ट्रेलियातल्या हेलिकोव्हर्पा पंक्टिजेरा या जातीचे काळे असतात.

जुन्या नोंदींतली हेलिओथिस आर्मिजेरा म्हणजे हीच. कीटकशास्त्रज्ञ हार्डविक यांनी १९६५ मध्ये हेलिकोव्हर्पा हा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, वेगळा केला. यादी करताना दोन्ही नावं घेतली की जाती फुकट वाढतात. आर्मिजेराचं पहिलं वर्णन करणाऱ्या ह्यूब्नर यांनी ती दुसऱ्याच वंशात वर्णिली होती, म्हणून जातीच्या नावापुढे त्यांचं नाव कंसात येतं; टिटिकाके ही जात हार्डविक यांनी याच वंशात वर्णिली, तिथे कंस नाही. बरेच जण हा कंस शोभेचा समजून गाळतात.

मादीच्या गंधाने नर ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात पतंग पडला म्हणजे आर्मिजेराच, असंही नाही. अमेरिका खंडातल्या हेलिकोव्हर्पा झिया या जातीच्या गंधाचा मुख्य घटक तोच आहे. पंखांवरूनही या दोघी खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत, नराचं जननांगच उघडावं लागतं.

नराचं पोट सोडवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. जास्त राहिलं तर ऊती लिबलिबीत होऊन फाटतात. पोटाच्या कुपीवर पतंगाचाच क्रमांक लगेच घाला. पोटं एकदा मिसळली की सगळं काम वाया. मग ब्रशने खवले काढा आणि शिश्नातली दुमडलेली पातळ पिशवी बारीक सुईच्या सिरिंजने फुगवा. तिच्या पायथ्याशी आर्मिजेरात एक फुगवटा असतो, झियात तीन. नेमकी इथेच घाई होते: पिशवी अर्धवट फुगली तर झियाचे फुगवटे दडून राहतात आणि चिठ्ठीवर आर्मिजेरा लागते.

ब्राझीलमध्ये २०१३ साली आर्मिजेराची नोंद झाली, पुढे झियाशी तिचा संकरही आढळला. तिथल्या नमुन्यांचा एक पाय आधीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये नको. तपासणीत केंद्रकातली जनुकंही मागा; मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यात संकर दिसत नाही.